तो अकरा सेकंदांचा आवाज पुसू नकोस

ताई, नमस्कार.

माझं वय ३१. चार वर्षांचं नातं सात महिन्यांपूर्वी तुटलं. मोठं असं काही घडलं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. भांडण झालं की तो गप्प व्हायचा. दोन-दोन, तीन-तीन दिवस. मी ते दिवस मोजत बसायचे आणि मग माझी जीभ सुटायची. एकदा त्याच्या मित्रांसमोर मी त्याला नको ते बोलून गेले. तो ते विसरला नाही, मीही नाही. शेवटी एका रविवारी तो आपली पुस्तकं घेऊन गेला.

मी काम करते, जेवते, बऱ्यापैकी झोपतेही. पण फोनमध्ये आमचे चार हजारांवर फोटो आहेत. आणि त्याचा एक व्हॉइस मेसेज आहे, अकरा सेकंदांचा. एका रात्री किल्ली विसरून तो दाराबाहेर उभा होता. शेजारी जागे होऊ नयेत म्हणून कुजबुजत म्हणतोय, "झोपली नसशील तर दार उघड ना." एवढंच. तो मी रोज ऐकते.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. सात महिन्यांतला पहिला. एका सिनेमाचं नाव, 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड', आणि पुढे दोन शब्द: "हा बघ." मी तीनदा बघितला. ताई, त्यातलं आठवणी पुसणारं यंत्र खरंच असतं तर मी आज रांगेत उभी असते. कुठेतरी वाचलं की आठवणी पुसायचं औषध निघालंय, ते खरं आहे का? आणि दुसरीकडे, सिनेमाचा शेवट बघून वाटतं की तो मला परत बोलावतोय. मैत्रीण म्हणते, सगळं डिलीट कर आणि त्याला ब्लॉक कर. मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. पुसून टाकू की फोन करू?

– रांगेत उभी

*

रांगेत उभी असलेल्या माझ्या मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच रात्री तो सिनेमा पुन्हा लावला. तुझा तो दाराबाहेरचा आवाज सारखा डोक्यात होता, त्यामुळे या वेळी वेगळ्याच जागांवर डोळे भरून आले.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पुसूही नकोस आणि फोनही करू नकोस. निदान पुढचे पाच दिवस तरी नाही. तुला वाटतंय की या दोन वाटा एकमेकींच्या उलट जातात. मला दोन्हींच्या मागे एकच घाई दिसते: हे दुखणं आत्ताच्या आत्ता थांबायला हवं. सात महिने कळ काढलीस, आणखी पाच दिवस काढ. तेवढ्यात तुला एक काम सांगणार आहे.

इतर वाचकांसाठी सिनेमा थोडक्यात सांगते. शेवटही सांगावा लागणार आहे, त्याशिवाय तुझ्या प्रश्नाला हात घालता येणार नाही. २००४ सालचा हा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक मिशेल गोंड्री, पटकथा चार्ली कॉफमनची. जोएल हा घुमा, आतल्या आत राहणारा माणूस. ते काम जिम कॅरीचं. क्लेमेंटाइन मनात येईल ते बोलणारी, मनाला येईल तसा केसांचा रंग बदलणारी. ते केट विन्स्लेटचं. दोघांचं बिनसतं. ती एका डॉक्टरकडे जाते आणि जोएलला आपल्या डोक्यातून कायमचा काढून टाकून घेते. हे कळल्यावर तोही त्याच डॉक्टरकडे जातो. रागाने म्हण, दुःखाने म्हण. रात्री तो आपल्या पलंगावर झोपलेला असताना, डोक्यावर यंत्र चढवून त्याची एकेक आठवण पुसली जाते. आणि अर्ध्या वाटेवर, झोपेतच, त्याला उमगतं की आपल्याला हे नको होतं.

ही कल्पना सुचली कशी तेही सांगण्यासारखं आहे. गोंड्रीचा एक कलावंत मित्र होता, पिएर बिस्म्युथ. त्याची एक मैत्रीण आपल्या प्रियकराबद्दल कुरकुर करत होती. त्याने तिला विचारलं, तो तुझ्या डोक्यातून पुसून टाकता आला तर टाकशील? ती म्हणाली, हो. तिच्या त्या एका होकारातून हा सिनेमा उभा राहिला, आणि २००५ साली गोंड्री, कॉफमन आणि बिस्म्युथ यांना मिळून मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. तेव्हा असं वाटण्यात तुझं काही चुकतंय असं मनात आणू नकोस. पुष्कळ शहाण्या माणसांना पुष्कळ रात्री असं वाटलेलं आहे.

सिनेमाच्या नावाबद्दलही दोन शब्द बोलते, कारण त्याचा अर्थ लोक हमखास उलटा लावतात. ती ओळ इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याच्या १७१७ सालच्या कवितेतली आहे. कवितेत बोलते आहे एलोइसा. प्रियकर आबेलारपासून तिची ताटातूट झालीय, ती मठात जोगीण होऊन राहते, देवाचं नाव घेते आणि तरी त्याला विसरू शकत नाही. तिथे तिला हेवा वाटतो तो अशा एखाद्या निष्पाप जोगिणीचा, जिच्या मनावर कसला डागच पडलेला नाही. त्या स्वच्छ मनावरचं कायमचं ऊन, ते हे. ज्या बाईला ते कधीच मिळणार नाही तिने काढलेला हा उसासा आहे.

आता मुद्द्यावर येते. तू तीनदा बघितलास म्हणजे आठवणी कोणत्या क्रमाने जातात ते तुझ्या ध्यानात आलं असेल. ताज्या आधी, जुन्या नंतर. म्हणून सुरुवातीला जातात ती भांडणं, टोमणे, समोरासमोर बसून मुकाट्याने उरकलेली जेवणं. ती जाताना जोएलला काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. रात्र सरते तशी खालची, जुनी आठवण वर येते. दोघं एका पांघरुणाखाली आहेत आणि ती त्याला लहानपणीच्या एका कुरूप बाहुलीबद्दल सांगते आहे. त्या बाहुलीला तिने स्वतःचंच नाव दिलं होतं आणि ती तिच्यावर ओरडायची, सुंदर हो म्हणून. तिथे जोएल विनवणी करतो की एवढी एक राहू द्या.

तुझ्या बाबतीत हाच क्रम उलटा पडलाय. ते चार हजार फोटो एकदा या नजरेने बघ. भांडताना कुणी फोटो काढतं का? तीन दिवसांच्या अबोल्याचा फोटो कसा काढणार? तुझ्या फोनमध्ये जे साठलंय ते सगळं हसरं, फिरायला गेलेलं, वाढदिवसाचं. ज्यामुळे नातं तुटलं त्याचा एकही पुरावा तिथे नाही. तो फक्त तुझ्या डोक्यात आहे, आणि सात महिन्यांत तिथेही त्याच्या कडा बोथट झाल्या असणार. मग रात्री तो कुजबुजता आवाज ऐकलास की वाटतं, असं माणूस आपण सोडलंच कसं? वाटणारच. न्यायाला बसलीस खरी, पण समोर साक्षीदार एकाच बाजूचे आहेत.

यावर तुझ्या मैत्रिणीचा उपाय असा की सगळेच साक्षीदार हाकलून दे. ती तुझ्या मायेपोटीच बोलते आहे, पण तो उपाय मला पटत नाही. का, ते क्लेमेंटाइनकडे बघून सांगते. तिच्या डोक्यातून जोएल साफ गेलेला आहे. नावसुद्धा उरलेलं नाही. तरी ती घाबरीघुबरी होते. आपण विरून चाललोय असं तिला वाटतं, कशालाच अर्थ राहिलेला दिसत नाही, आणि हे कशामुळे होतंय ते तिला सांगता येत नाही. सगळ्या सिनेमात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिथे.

ही निव्वळ कल्पना नाही. सिनेमानंतर सहा वर्षांनी, २०१० साली, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच माणसांना अतिशय दुःखद चित्रफिती दाखवल्या. या पाचही जणांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला इजा झालेली होती. नवी आठवण त्यांच्याकडे टिकत नव्हती. काही मिनिटांतच आपण काय बघितलं ते त्यांना धड सांगता येईना. दुःख मात्र कितीतरी वेळ जागच्या जागी होतं. गोष्ट गेली आणि रडू राहिलं. गोष्ट आठवत असते तेव्हा माणूस निदान स्वतःला सांगू शकतो की मी यासाठी रडते आहे. गोष्टच पुसली तर ते रडू कुठे टेकवायचं?

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या विशीच्या अखेरीला माझंही असंच एक नातं संपलं. त्या काळात पत्रं असत. एका संध्याकाळी मी सगळा गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक पत्र फाडलं, आधी अर्धं, मग पाव, मग अगदी बारीक. त्या रात्री गाढ झोप लागली, हे खोटं का सांगू? पुढे कित्येक वर्षांनी एका जुन्या पुस्तकातून अर्धा कागद खाली पडला. त्या फाडाफाडीतून कसा कोण जाणे सुटलेला. त्यावर त्याच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलेलं होतं: "आणि हो, त्या दिवशी तू जे म्हणालीस त्यावर मी खूप विचार केला. मला वाटतं, तुझं" आणि तिथे कागद फाटलेला.

मी काय म्हणाले होते? मला आजही आठवत नाही. इतकं महत्त्वाचं काही मी बोलले होते की एक माणूस त्यावर दिवसचे दिवस विचार करत राहिला, आणि ते वाक्य आता जगात कुठेच नाही. त्याला पुसायला बसले होते, पण त्या कागदांच्या तुकड्यांबरोबर माझं सव्वीसाव्या वर्षाचं बोलणंही केराच्या टोपलीत गेलं. त्याच्याबद्दल म्हणशील तर आज मला राग नाही, लोभ नाही. पण ती मुलगी मला भेटायला हवी होती.

म्हणून सांगते, तो अकरा सेकंदांचा आवाज पुसू नकोस. त्यात फक्त तो नाही. दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी जागं होतं, म्हणून तर तो कुजबुजत होता. उठून दार उघडणारी तू होतीस.

पण रोज ऐकणं आजपासून बंद. ठेवणं वेगळं आणि रोज उकरणं वेगळं. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात नाकारल्या गेलेल्या पंधरा जणांचे मेंदू स्कॅन करून पाहिले होते. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सोडून गेलेल्या माणसाचा फोटो समोर धरला की मेंदूतले जे भाग चेतवले जात होते, त्यांत व्यसनाच्या ओढीशी जोडलेले भाग होते. रोज रात्री तो आवाज ऐकून तू स्वतःला रोजचा घोट पाजते आहेस. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त धीर देते: नातं तुटून जितके जास्त दिवस झालेले, तितकी जिव्हाळ्याशी संबंधित असलेल्या एका भागातली हालचाल कमी. तेव्हा काळ आपलं काम करतोय, पण तू रोज खपली काढलीस तर त्याने तरी काय करावं?

आणि 'विचारच करायचा नाही' असंही स्वतःला बजावू नकोस. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, आधी दाबून धरणाऱ्यांना ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा दिसलं. आठवण आली तर येऊ दे. तिच्या मागे मागे फोनपर्यंत जाऊ नकोस, इतकंच.

फोटोंचं असं कर. सगळे एका पेन ड्राइव्हवर घे, तो आवाजही चॅटमधून बाहेर काढून त्यातच ठेव, आणि ड्राइव्ह त्याच मैत्रिणीच्या हवाली कर. तिला सांग, सहा महिने मागितला तरी द्यायचा नाही. मगच फोनमधून काढ. फोन अधूनमधून आपणहून 'दोन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी' म्हणत चेहरे समोर आणतो, ती सूचनाही सेटिंगमध्ये जाऊन बंद कर.

औषधाचं विचारलंस. तू जे वाचलंस ते बहुधा प्रोप्रानोलॉलबद्दल असणार. हे रक्तदाबाचं आणि हृदयाच्या ठोक्यांचं जुनं औषध. नेदरलँड्समधल्या संशोधक मेरेल किंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की भीतीची आठवण जागी करताना हे औषध दिलं, तर पुढे त्या आठवणीने माणूस दचकायचा थांबतो. पण नीट ऐक: दचकणं गेलं, आठवण नाही. प्रयोगात कोळी या किड्याचं चित्र दाखवून शॉक दिला जायचा; ते चित्र दिसलं की शॉक बसतो, हे त्या लोकांना चांगलं आठवत होतं. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. प्रेमभंगासाठी घरच्या घरी घ्यायची ही गोळी नव्हे. दमा असलेल्याला तर ती जिवावर बेतू शकते. आठवण अख्खीच्या अख्खी उचलून नेणारं काही अजून निघालेलं नाही.

आता त्याचा मेसेज.

"हा बघ." दोन शब्द. मी ते पुन्हा पुन्हा वाचले, तूही वाचले असशील. त्यात प्रश्न नाही, माफी नाही, 'मला तुझी आठवण येते' हेही नाही. जो माणूस भांडणानंतर तीन दिवस गप्प बसायचा, तो सात महिन्यांच्या गप्पपणानंतर सिनेमाच्या तोंडून बोलला आहे. हे मी त्याला नावं ठेवायला म्हणत नाही. काहींना आपलं मन उघड करायला दुसऱ्याची गोष्ट लागते, आणि एवढं करायलाही त्याला धीर गोळा करावा लागला असेल. जोएलही तसाच आहे. तो मन मोकळं करत नाही ही क्लेमेंटाइनची त्याच्याबद्दलची जुनी तक्रार. पण 'परत ये' हा अर्थ तू लावलास, त्याने लिहिलेला नाही. त्याच्या वाटणीचं बोलणं पुन्हा तूच बोलते आहेस. चार वर्षं हेच होत आलं ना?

आणि तू ज्या शेवटावर भरवसा ठेवते आहेस, तो शेवट नीट बघूया. त्यासाठी आधी मेरी. डॉक्टरच्या दवाखान्यात काम करणारी ती तरुण मुलगी. बरेच जण तिचं उपकथानक विसरून जातात, मला ते या सिनेमाचं काळीज वाटतं. ती डॉक्टरच्या प्रेमात पडते, धीर करून त्याला सांगते, आणि मग तिला कळतं की हे सगळं एकदा होऊन गेलंय. त्याच डॉक्टरवर तिचं आधीही प्रेम होतं आणि ती आठवण तिने त्याच्याकडूनच पुसून घेतली होती. पुसल्यामुळे ती सुटली नाही. कुठे ठेच लागली होती तेच माहीत नाही, म्हणून त्याच दगडावर पुन्हा आपटली. त्या धक्क्यात ती दवाखान्यातल्या सगळ्या फायली उचलते आणि ज्याच्या त्याच्या कॅसेट ज्याच्या त्याच्या घरी पाठवून देते. पुसण्याआधी प्रत्येकाने त्या टेपवर सांगितलेलं असतं की हे माणूस मला का नको आहे.

मग जोएल आणि क्लेमेंटाइन, नव्याने एकमेकांना भेटलेले, आधी गाडीत तिची आणि मग त्याच्या घरी त्याची कॅसेट ऐकतात. काय नाही त्यांत! त्याच्या आवाजात तिच्या शिक्षणावर, तिच्या वागण्यावर अत्यंत लागट बोलणं, आणि ती समोर उभी राहून ते ऐकते आहे. ती निघून जायला लागते, तो तिला बोळात गाठतो. ती सांगते की पुढे तू मला कंटाळवाणा वाटशील, मला कोंडल्यासारखं होईल, माझं असंच होतं. तो म्हणतो, ओके. मग तीही म्हणते, ओके.

लोक हा शेवट गोड म्हणून सांगतात. त्या 'ओके'ला वजन आहे ते आधी वाजलेल्या कॅसेटमुळे. एकमेकांबद्दलचं सगळ्यात वाईट ऐकून झाल्यावर, डोळे उघडे ठेवून दोघं हो म्हणाले. त्याच दोघांनी नुसते हसरे फोटो बघून हो म्हटलं असतं, तर मला त्यांची काळजी वाटली असती. त्यांच्याकडे कॅसेट होत्या. तुम्हा दोघांकडे नाहीत.

तर हे ते काम: तुझी कॅसेट तू भर. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, हाताने, कागदावर. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून असंच, चार दिवस रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक गोष्टींबद्दल लिहून घेतलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना त्या त्या दिवशी वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं तर घाबरू नकोस. मात्र लिहिताना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर लिहिणं थांबव आणि समुपदेशकाकडे जा. ते माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

सुरुवात त्या रविवारपासून कर. तो पुस्तकं बॅगेत भरत होता तेव्हा तू कुठे उभी होतीस? कुठलं पुस्तक त्याने उचललं आणि परत ठेवलं? कोण आधी बोललं? मोठे शब्द वापरू नकोस, जे दिसलं ते लिही. दुसऱ्या दिवशी अबोल्याचे दिवस लिही. नुसतं 'तो बोलायचा नाही' असं नको; एक कुठलाही दिवस घे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत लिही. तिसरा दिवस सगळ्यात अवघड: त्याच्या मित्रांसमोर तू जे बोललीस ते शब्दशः. पत्रात तू 'नको ते' एवढंच लिहिलंस आणि पुढे गेलीस. कागदावर पुढे जाऊ नकोस. त्या क्षणी त्याचा चेहरा कसा झाला, तेही लिही. चौथ्या दिवशी त्याची कॅसेट: जोएलसारखा तो टेप रेकॉर्डरसमोर बसला असता तर तुझ्याबद्दल काय म्हणाला असता. त्याची बाजू पाडून नको, प्रामाणिकपणे.

पाचव्या दिवशी सकाळी, रात्री नव्हे, चारही दिवसांचं सलग वाच. वाचून झाल्यावर त्याला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तर नको देऊस. ब्लॉकही करायला नको. तुझं ठरलेलं असलं की ते बटण दाबायची गरज पडत नाही. उत्तर द्यावंसं वाटलं तर फोन करू नकोस, एवढंच लिही: "सिनेमा बघितला. तू मला तो का पाठवलास, ते तुझ्या शब्दांत सांगशील?"

आणि मग त्याला बोलू दे. त्याच्या वतीने वाक्य पुरं करायचं नाही, अर्थ लावायचा नाही, आणखी एक मेसेज टाकून त्याची वाट सोपी करायची नाही. त्याला चार ओळी लिहिता आल्या, तर भेट. भेटशील तेव्हा त्या मित्रांसमोरच्या वाक्याबद्दल आधी तू माफी माग, 'पण तू सुद्धा' हे शब्द न जोडता. परत एकत्र यायचं असो वा नसो, ते देणं तुझ्याकडे राहिलेलं आहे. मग अबोल्याच्या दिवसांचं पान त्याला वाचून दाखव आणि तो ते शेवटपर्यंत ऐकतो का ते बघ. पुन्हा नुसताच गप्प झाला, तर तुझ्या कॅसेटच्या दुसऱ्या दिवसाचं पान काढून वाच. ते तूच लिहिलेलं असेल.

कागद फाडू नकोस. पेन ड्राइव्हबरोबर मैत्रिणीकडे ठेवायला दे. आणि उत्तर पाठवलंस किंवा नाही पाठवलंस, मला कळव. मी वाट बघते आहे.

तुझी ताई